स्मिताचा सव्वा महिना

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या धुळ्यातील एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज रात्री आपण 'उंबरठा' पाहणार आहोत, म्हणून मला स्मिता पाटीलविषयी चार शब्द बोलायला सांगितलं आहे. शिरपूरकडच्या बायांना ती घरचीच वाटते. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई सामाजिक कामातल्या. स्मिताचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. राष्ट्र सेवा दलात वाढलेली मुलगी. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. घरोघरी दिसायची ती फक्त साडी.

'उंबरठा' १९८२ चा. जब्बार पटेलांचा सिनेमा, तेंडुलकरांची पटकथा, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. त्यातली सुलभा महाजन लहान मुलगी आणि संसार मागे ठेवून महिला सुधारगृहात नोकरी धरते. घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. आपल्या शिबिरांतून हा सिनेमा इतक्यांदा दाखवला गेला की स्मिता आणि सुलभा आपण एकच करून टाकल्या. ती मुंबईच्या विमेन्स सेंटरशी जोडलेली होती, त्यामुळे तर हे आणखी सोपं गेलं.

आणि मग बातमी आली ती राज बब्बर यांची. ते विवाहित, दोन मुलांचे वडील. चळवळीतल्या कितीजणी तेव्हा दुखावल्या, चिडल्या. सुलभेचा नवरा दुसरी बाई आणतो, आणि आमची सुलभाच दुसरी बाई होते? तो राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. पहिल्या बायकोचं दुःख हे काही मासिकवाल्यांनी रचलेलं नव्हतं. स्मिताचा वकील म्हणून मी इथे उभी नाही. पण तेव्हाचं बोलणं आठवून पाहा. सगळा जाब तिला. त्यांच्याकडून कोणी कसली अपेक्षाच ठेवली नव्हती, त्यामुळे ते सुटले.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. हॉलिवूडची इंग्रिड बर्गमन पडद्यावर जोगीण झाली, जोन ऑफ आर्क झाली. पुढे स्वतःचा नवरा असताना ती इटलीतल्या रोझेलिनी या दिग्दर्शकाच्या प्रेमात पडली, त्याच्यापासून तिला मूल झालं. मार्च १९५० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका सभासदाने तिच्यावर जाहीर तोंडसुख घेतलं. तिने कायदा मोडला नव्हता. लोकांनी मनात धरलेली मूर्ती मोडली होती. सात वर्षांनी, १९५७ साली, त्याच अमेरिकेने तिला पुन्हा ऑस्कर दिलं.

आपल्या गावात वेगळं काय चालतं? उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा करणाऱ्या बाईला पहिला प्रश्न दारूबद्दल कोणी विचारत नाही. "तुझा नवरा कुठे असतो ते आधी सांग." हा प्रश्न पारावरचे पुरुष विचारतात तेव्हा आपल्याला उत्तर देता येतं. मंडळातल्याच बाया आपापसात कुजबुजतात तेव्हा जड जातं.

स्मिताने १९७७ साली 'भूमिका' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला. हंसाबाईंनी नवरा, दारू, पुरुष, फसवणूक, स्वतःचा हट्ट, सगळं आपल्या तोंडाने सांगून टाकलं आणि लोकांना 'सांगत्ये ऐका' म्हटलं. स्मिताला तेवढं आयुष्यच मिळालं नाही. 'चक्र' सिनेमाच्या जाहिरातीत तिचं आंघोळीचं दृश्य पोस्टरवर लावलं, त्यावर ती मुलाखतीत स्पष्ट बोलली होती. घराविषयी मात्र तिची बाजू तिने लिहिलेली नाही. उरले ते इतरांनी सांगितलेले किस्से. तिचे मेकअपमन दीपक सावंत यांनी सांगितलं आहे की मेल्यावर मला सवाष्णीसारखं सजवा, ही तिची इच्छा होती आणि त्यांनी ती पुरी केली. 'उंबरठा'वाल्या आपल्याला हे ऐकायला अवघड जातं. मलाही जातं. पण इच्छा तिची होती.

आता जे बोलायला मी मुद्दाम आले ते. २८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला. १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून ती गेली. पंधरावा दिवस, वय ३१. सगळ्यांनी लिहिलं, थोर अभिनेत्री अकाली गेली. माझ्या वाचण्यात आलेल्या लेखांत माता-मृत्यू हा शब्द मला सापडला नाही. मंत्र्याची मुलगी, पद्मश्री, मुंबईसारखं शहर, म्हणून हा शब्द तिला चिकटला नसावा. तो शब्द आपण सातपुड्यातल्या पाड्यांसाठी राखून ठेवला आहे. त्या वर्षी धडगाव-अक्कलकुवाही धुळे जिल्ह्यातच होते, नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली.

डॉक्टरी हिशेबात बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत त्याच कारणाने बाई गेली तर तो माता-मृत्यू. आपल्या आयाबायांचा हिशेब सव्वा महिन्याचा, म्हणजे जवळपास तोच. त्या दिवसांत ताप, जास्तीचं अंगावरून जाणं, घाण वास, झटके, श्वास लागणं, यातलं काहीही दिसलं तर "बाळंतिणीला होतंच असं" म्हणून घरी बसायचं नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. पण त्या योजनेच्या नावातच नवजात बालक आहे. ती आईचीही चौकशी करते, तरी घरातले आधी बाळाचं वजन विचारतात. १४ आणि २१ च्या मध्ये एक आठवडा रिकामा जातो. स्मिता गेली तो याच आठवड्यात.

सिनेमा नऊला सुरू होईल. तोवर दारापाशी ठेवलेल्या वहीत प्रत्येक मंडळाने आपल्या गावाचं नाव घाला, आणि आज तिथे सव्वा महिन्याच्या आतल्या किती बाळंतिणी आहेत तो आकडा लिहा. लग्नाची, बिनलग्नाची, माहेरी आलेली, नवऱ्याने टाकलेली, सगळ्या मोजा. आकडा माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, गावी जाऊन विचारा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.