गोळी चुकते तेव्हा
(नेवासा येथे आशाताई व पालक महिलांसमोर केलेले भाषण)



लहान मुलांसाठी मोफत एआरटी औषधांची सरकारी योजना २००६ साली सुरू झाली. तरीही डोस चुकतात. एका आजीला मी ‘निष्काळजी’ म्हणाले. ती म्हणाली, “ताई, घरात लग्नाचं पाव्हणं. कुणादेखत गोळी देऊ?” चूक माझी होती.

औषध वारंवार चुकले तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो. म्हणूनच ‘का चुकवली?’ असे दरडावू नका. ‘कधी अडचण येते?’ असे विचारा. मुलाला वयाप्रमाणे, थोडे थोडे, पण खरे सांगा. २०१७ च्या कायद्याने गुप्तता हा त्याचा हक्क आहे.

आणि हे ओझे एकट्या बाईनेच का वाहावे? घरातल्या पुरुषांनीही गोळीची वेळ सांभाळावी.