संगणकाच्या पहिल्या वर्षी मुले काय शिकतात?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



रायपुरात संगणकाचा आरंभीचा अभ्यासक्रम शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळातील कोणी ना कोणी पालक घरी येतात आणि चहाचा पेला खाली ठेवता ठेवता विचारतात, "मुलीला बी.सी.ए.ला घालावे म्हणतो. पहिल्या वर्षी शिकवतात तरी काय हो?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : फीचे पैसे वाया तर जाणार नाहीत ना? कार्यवाहांनी आज मला नेमका हाच विषय नेमून दिला आहे.

विषयांची नावे सांगणे सोपे आहे. अंकपद्धती, यंत्राची रचना, थोडे गणित, पत्रे व तक्ते तयार करण्याची साधने आणि पुष्कळ ठिकाणी 'सी' ही भाषा. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. पण आपल्याकडील अनेक मुलांना ती उमगली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून. संगणकाच्या पिढ्या किती, अमुक आद्याक्षरांचे पूर्ण रूप काय, एवढे पाठ करूनही परीक्षा उत्तीर्ण होता येते. दुर्दैवाने पुष्कळजण तशीच होतात. ते शिक्षण नव्हे. शिक्षण कशाला म्हणावे, हे सांगण्यासाठी याच महोत्सवातील एक हकीकत सांगतो.

स्मरणिकेत सभासदांची नावे अकारविल्हे छापावयाची होती. जुन्या वहीत ती होती, पण नव्या सभासदांची भर पडून नावे पाचशेच्या घरात गेलेली. मी हे काम पहिल्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना दिले. दोघीही आपल्याच मंडळातील घरांतल्या, दोघींचे शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. तयार साधन न वापरता आज्ञावली, म्हणजे मुले ज्याला प्रोग्रॅम म्हणतात ती, स्वतः लिहा, अशी अट घातली. त्यांनी सर्वांत साधी रीत घेतली : शेजारची दोन नावे पाहावीत, क्रम उलटा असेल तर अदलाबदल करावी, आणि सारे जागेवर येईपर्यंत हेच करीत राहावे. पाचशे नावांसाठी अशा तुलना १,२४,७५० पर्यंत जातात. यंत्राला त्याचे काही नाही. पण एकदा यादी लागली, की दर वेळी निम्मी यादी बाजूला टाकीत कोणतेही नाव फार तर नऊ तुलनांत सापडते. हा हिशेब मुलींनी स्वतः कागदावर मांडला, तेव्हाचे त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

यादी छापून भिंतीवर लागली आणि दुसऱ्याच दिवशी एक वयोवृद्ध सभासद तावातावाने आले. "काळे काशीकरांच्या आधी कसे? आणि क्षीरसागर खऱ्यांच्या वर कोणी नेऊन बसवले? वहीत ते शेवटच्या पानावर आहेत!"

त्यांचे म्हणणे खरे होते. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. 'ल' २३५४, लगेच 'ळ' २३५५, 'श' २३५८, 'ह' २३६१. म्हणजे आपला 'ळ' तेथे 'ल'च्या शेजारी राहतो, 'ह'च्या पुढे नव्हे. 'क्ष'ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही. 'क', हलन्ताचे चिन्ह आणि 'ष' असे तीन आकडे मिळून तो होतो, म्हणून तो 'क'च्या घरात, कोल्हटकरांच्याही मागे, पण 'ख'च्या आधी जाऊन बसला. आज्ञावलीत एकही चूक नव्हती. मुलींना दोष दिसला नाही, कारण शाळेत शिकलेल्या हिंदी वर्णमालेत त्यांना 'ळ' भेटलाच नव्हता.

त्यांतील एकीने तात्यापाऱ्यात राहणाऱ्या आपल्या आजीला विचारले. आजीबाईंनी परवचा म्हणावा तशी मुळाक्षरे म्हणून दाखवली आणि 'ह'नंतर 'ळ, क्ष, ज्ञ' यावर जरा थांबून, "एवढेही ठाऊक नाही का गं?" असे विचारले. नातीने ती वहीत उतरवून घेतली. मग दोघींनी प्रत्येक अक्षराला मराठी क्रमाप्रमाणे नवा आकडा दिला, 'क्ष' आणि 'ज्ञ' हे तुलनेपूर्वी एकेक अक्षर धरले, आणि आज्ञावली पुन्हा चालवली. 'कऱ्हाडकर' हे नाव हिंदीच्या सवयीने 'कर्हाडकर' असे टंकले गेले होते, तेही याच फेरीत सापडले.

तरी एक शंका उरलीच. आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'क्ष' हा 'क'खालीच आहे. "सर, मग बरोबर कोणते?" मी म्हटले, हे यंत्र ठरवीत नाही आणि मीही ठरवीत नाही, कार्यकारिणीला विचारा. कार्यकारिणीने त्यावर पाऊण तास चर्चा केली. (इतका वेळ वार्षिक ताळेबंदालाही कधी मिळालेला माझ्या पाहण्यात नाही.) वहीचाच क्रम कायम राहिला.

हल्ली पालक आणखी एक विचारतात : आता यंत्रच सांगितल्याबरोबर आज्ञावली लिहून देते, मग मुलांनी हे शिकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि पूर्वी ज्या कामासाठी माणसे घेत त्यांतले काही जाईल, हेही मी पालकांपासून लपवीत नाही. मात्र भिंतीवरची ती यादीही यंत्रानेच बिनतक्रार दिली होती. आता त्या दोघी कोणतीही आज्ञावली हाती आली, मग ती कोणीही लिहिलेली असो, की प्रथम काळे, काशीकर, कऱ्हाडकर आणि क्षीरसागर ही चार नावे तिच्यात घालून पाहतात. हे मी त्यांना शिकवले नव्हते.

सुधारलेली यादी स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर येत आहे. तीत कोणाचे नाव जागा चुकलेले आढळल्यास कृपया कार्यवाहांना न कळवता त्या दोघींनाच कळवावे. दुरुस्ती कोणत्या ओळीत करायची, हे त्यांना ठाऊक आहे.