मणी कोण टाकतंय?



पत्रिकेत विषय छापलाय 'कृत्रिम बुद्धिमत्ता : ओळख आणि प्रकार'. ट्युरिंगचा १९५० चा लेख, १९५६ ची डार्टमथची बैठक, मॅकार्थींनी या विषयाचं केलेलं बारसं, हे पेपरांत येऊन गेलंय. त्यात वेळ घालवत नाही. प्रकारही तुम्हाला पाठ असतील. ठरावीक कामापुरती, माणसाइतकी, आणि माणसाच्या वरताण. तिसरी अजून सिनेमातच आहे आणि दुसरीवरून तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत. (हशा)

मला विचाराल तर प्रकार दोनच. एकाला नियम भरवलेले, दुसरं उदाहरणांतून शिकलेलं. १९९७ मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवणारं डीप ब्लू हे यंत्र बहुतांशी पहिल्या प्रकारातलं. सेकंदाला वीसेक कोटी स्थिती तपासायचं, पण कुठली स्थिती चांगली याचे निकष माणसांनी घातलेले.

दुसऱ्यासाठी संगणकसुद्धा लागत नाही. युद्धकाळात ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तलिपी-उकल केंद्रात ट्युरिंगसोबत काम केलेल्या डोनाल्ड मिचींनी १९६१ मध्ये ३०४ काड्यापेट्यांचं, फुल्ली-गोळा खेळणारं यंत्र केलं. प्रत्येक पेटीवर डावाची एक अवस्था काढलेली, आत रंगीत मणी. नऊ घरांचे नऊ रंग. यंत्राची पाळी आली की त्या वेळच्या अवस्थेची पेटी हुडकायची, खुळखुळवायची, खण तिरपा करायचा. कोपऱ्यात जो मणी येईल त्या रंगाच्या घरात खूण. डाव हरला की वापरलेले मणी जप्त. बरोबरी झाली तर मणी परत, वर त्याच रंगाचा एक जादा. जिंकला तर तीन जादा. सुरुवातीला यंत्र वाटेल तसं खेळून हरायचं. विसेक डावांनंतर बरोबरी साधू लागलं.

मागे कुणीतरी 'पोरखेळ' म्हणालं, ऐकू आलं मला. आहेच पोरखेळ! आणि गणिताचे सर बोट वर करताहेत. हो सर, पट फिरवून किंवा आरशात धरून सारख्या दिसणाऱ्या अवस्था एकच धरल्या म्हणून ३०४.

पण माझा मुद्दा ऐका. जिंकणं म्हणजे काय, हे पेटीला ठाऊक नव्हतं. मणी टाकणाऱ्या मिचींना होतं. चॅटजीपीटी आधी ढीगभर मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकलं, मग माणसांनी त्याच्या उत्तरांना बरं-वाईट ठरवलं. मणी टाकले! मोबाईलवर रात्री एक वाजता आपण पुढचा व्हिडिओ बघतो, तेव्हा मणी आपल्या हातून पडतात. पण बघत राहणं म्हणजेच जिंकणं, हे कंपनीनं ठरवलेलं असतं. तेव्हा यंत्र किती हुशार, हे नंतर. मणी कोण टाकतंय आणि कशाबद्दल, ते आधी विचारा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. न्यूरल नेटवर्क राहिलंच की! दोन वाक्यांत सांगतो. पेट्या-मण्यांऐवजी कोट्यवधी आकडे. चूक झाली की ते सगळे किंचित वर-खाली करायचे, आणि हे पुन्हा पुन्हा.

नोकऱ्या जाणार का, हा प्रश्न येणारच. ज्या कामाला चूक-बरोबरचे गुण झटपट देता येतात, तिथल्यांनी आधी सावध व्हावं. आमचे एक भाषांतरकार मित्र पहिल्या रांगेत बसलेत, मी मुद्दाम दुसरीकडे बघून बोलतोय. (हशा) माईक त्यांच्याकडेच द्या.