कुंपणाच्या आतले काम

(रत्नागिरी येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा शब्दांकित भाग)



‘संकटे आणि जीवनाचा अर्थ’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. या विषयावर बोलताना वक्ते सहसा सुभाषितांचा आश्रय घेतात. सोने आगीत तापते, चंदन झिजते, वगैरे. ऐकायला बरे वाटते. परंतु ज्याच्या घरात खरोखरच आग लागलेली असते, त्याला सोन्याचा दृष्टान्त पुरत नाही. म्हणून आज सुभाषिते बाजूला ठेवतो आणि तुमच्याच गावाविषयी बोलतो.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि १९९० च्या दशकापर्यंत रेल्वे नाही. एखाद्या माणसाला जगापासून दूर ठेवण्यास इतकी सोयीची जागा इंग्रज सरकारला दुसरी कोणती मिळणार? नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राज्याचा पाडाव झाला आणि पुढच्याच वर्षी राजा थिबाला रत्नागिरीत आणून ठेवले गेले. त्याने तिशीही ओलांडलेली नव्हती. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला राजवाडा आपण पाहुण्यांना दाखवतो आणि त्याच्या वंशातील मंडळी आज रत्नागिरीकर होऊन गेली आहेत.

तीस वर्षे हा राजा येथे होता. त्या तीस वर्षांतून काय उरले, असे विचारले तर एका वास्तूपलीकडे फारसे सांगता येत नाही. मी हे त्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. परका मुलुख, अनोळखी भाषा, राज्य गेलेले, भोवती पहारा आणि उपजीविकेसाठी सरकारी तनखा. त्या स्थितीत आपण काय केले असते, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. माझा मुद्दा एवढाच, की संकट आले म्हणजे माणूस आपोआप मोठा होतो, हे खरे नाही. पुष्कळदा संकट माणसाला केवळ थकवते.

आता नियतीचा खेळ पाहा. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता, त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेला एक माणूस मंडालेच्या तुरुंगात होता. २३ जुलै १८५६ रोजी टिळक आळीतल्या ज्या घरात बाळ गंगाधर टिळक जन्मले, ते घर आपण जपले आहे. २२ जुलै १९०८ रोजी, म्हणजे बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्या काळात बावन्न हे उतारवय मानले जाई. त्यातून मधुमेहाची व्यथा. खोली लाकडी फळ्यांची. ऊन, वारा, धूळ सगळे आत येणारे. सुटे कागद मिळत नसत. बांधीव वह्या, त्यांची पाने मोजलेली, आणि लिहायला शिसपेन्सिल. टाक-दौतीला मज्जाव.

या खोलीत बसून लोकमान्यांनी काय केले? आधी ते विद्यार्थी झाले. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. ज्याच्या एका लेखाने सरकार हादरत असे, असा संपादक वयाच्या त्रेपन्नाव्या-चौपन्नाव्या वर्षी परक्या भाषेचे व्याकरण घोकत बसला आहे, हे चित्र मला त्यांच्या न्यायालयातील भाषणाइतकेच थोर वाटते. दोनेक वर्षे वाचन-मनन झाल्यावर १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या चार-पाच महिन्यांत, ‘गीतारहस्य’ लिहून झाले. पुढे १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची तार आली. तेव्हा भाच्याला लिहिलेल्या पत्रात मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये, ही चिंता त्यांनी आवर्जून व्यक्त केली. जून १९१४ मध्ये सुटका झाली, पण हस्तलिखित काही काळ सरकारकडेच अडकले होते. न मिळाल्यास ग्रंथ पुन्हा लिहून काढण्याची त्यांची सिद्धता होती. १९१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा कर्मयोगाचा आहे, आणि ज्याला सर्व बाह्य कर्मांपासून तोडले होते अशा माणसाने तो सांगितला आहे. मला त्या ग्रंथापुढे नम्र व्हावेसे वाटते ते या कारणाने.

टिळक सहा वर्षांनी सुटले. आता ज्यांची स्थानबद्धता पाचाची तेरा वर्षे झाली, त्यांच्याकडे वळू.

स्वातंत्र्यवीर सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्यातून सुटले, तेव्हा चाळीस वर्षांचे होते. पन्नास वर्षांची शिक्षा, ४ जुलै १९११ पासून अंदमान, १९२१ नंतर हिंदुस्थानातील तुरुंग. अंदमानात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचे त्यांनी स्वतःच ‘माझी जन्मठेप’मध्ये नोंदवले आहे. ही नोंद आपल्या भाषणांतून बहुधा गाळली जाते. ती गाळू नये असे माझे मत आहे. ज्या घरात एखादा तरुण निराशेने ग्रासलेला आहे, त्या घराला अशा नोंदीचा आधार शंभर जयघोषांहून अधिक वाटेल.

सुटकेच्या अटी दोन होत्या. सरकारच्या अनुमतीवाचून रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, आणि राजकारणात उघड वा गुप्त भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची. ती वाढत वाढत १० मे १९३७ पर्यंत गेली. अटी मान्य करून ते बाहेर आले, यावर आजही वाद घातला जातो. अटी त्यांनी मान्य केल्या होत्या, हे सत्य आहे आणि ते सांगताना आपण चाचरण्याचे कारण नाही. विचारण्यासारखा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या आयुष्याचे एकमेव ध्येय राजकीय स्वातंत्र्य होते, त्याला नेमके राजकारणच वर्ज्य केले, तर तो सकाळी उठून करणार काय?

आल्याबरोबर त्याच महिन्यात रत्नागिरी हिंदू सभा स्थापन झाली. थोड्याच काळात प्लेगमुळे गाव सोडावे लागले. नाशिक, मग शिरगाव. १९२५ साली डॉ. हेडगेवार त्यांना भेटावयास शिरगावलाच आले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नागपूरला संघकार्य सुरू झाले, हे आपणांस मी सांगायला नको.

परंतु मला आज सांगायचे आहे ते शाळांविषयी. त्या काळी शाळेत पूर्वास्पृश्य मुलांना बाहेर किंवा वेगळे बसवत. मुलांना जातीनिरपेक्ष एकत्र बसवावे, यासाठी सावरकर वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत राहिले. शाळेत जायचे, मुले खरोखर मिसळून बसतात की नाही हे पाहायचे, नसतील तर शिक्षकांशी बोलायचे, पालकांशी बोलायचे, अर्ज करायचे, पुन्हा जायचे. दसऱ्याला सोने आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायला सर्व जातींच्या मंडळींना बरोबर घेऊन घरोघर जायचे. कोणी ओटीवर घेई, कोणी अंगणातूनच वाटेला लावी. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. चिपळूण, दापोली, देवरूख, मालवण असा त्यांचा संचार असे.

लंडन गाजवलेल्या, मार्सेलिसला समुद्रात उडी घेतलेल्या क्रांतिकारकाच्या वाट्याला हे काम आले होते. यात वर्तमानपत्राचा मथळा होईल असे काही नाही. मी वृत्तपत्र व्यवसायातील माणूस, म्हणून हे विशेष जाणवते. कोणत्या मुलाशेजारी कोणते मूल बसले, ही बातमी आमच्याकडे छापली जात नाही.

मथळा झाला तो पतितपावन मंदिराचा. जुन्या विठ्ठल मंदिरात सर्वांना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश मिळेना, तेव्हा दानशूर भागोजीशेठ कीर पुढे आले. रत्नागिरीच्या गरीब भंडारी कुटुंबातून मुंबईला जाऊन मोठे कंत्राटदार झालेले हे गृहस्थ. १० मार्च १९२९ रोजी कोनशिला बसली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. पुढे १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. तेथे पूर्वास्पृश्य बंधूच्या हातचा चहा घेतल्यावरच भेटायला या, असे सावरकर पाहुण्यांना सांगत, असे जुनी मंडळी सांगतात. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी रत्नागिरीला येऊन हे काम पाहिले आणि वाखाणले. दोघांच्या विचारांत अंतर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पसंतीचे मोल कळते.

याच तेरा वर्षांत ‘माझी जन्मठेप’ प्रसिद्ध झाले, नाटके झाली, भाषाशुद्धीची चळवळ झाली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द आपण आज किती सहज वापरतो!

येथे माता-भगिनी मोठ्या संख्येने बसल्या आहेत, म्हणून यमुनाबाईंविषयी, माईंविषयी, बोलल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. पती १९०६ साली विलायतेला गेला. पहिला मुलगा प्रभाकर तो परदेशी असतानाच गेला. त्यानंतर पतीला पन्नास वर्षांची शिक्षा. खरा संसार सुरू झाला तो १९२४ नंतर, तोही पोलिसांच्या नजरेखाली. अशी स्त्री दार लावून घरात बसली असती, तर कोणी नाव ठेवले असते? माईंनी सर्व जातींच्या स्त्रियांना बोलावून हळदीकुंकू केले. सनातनी घरातील बाईला तो उंबरठा ओलांडायला लावणे, हे पुरुषांच्या सभेत ठराव मंजूर करण्याहून किती अवघड असेल, हे भगिनींना माझ्याहून अधिक कळेल. आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, येरवड्याला आणि नाशिकला ‘मिसा’खाली असलेल्यांच्या आठवणी आपण पुष्कळ ऐकल्या. घरी राहिलेल्या गृहिणींनी ते महिने कसे काढले, किराणा उधार कोणी दिला, कोणी बोलणे टाकले, हे फारच थोडे लिहिले गेले आहे. या सभागृहात अशा कोणी असतील, तर त्यांनी नातवंडांना तरी ते सांगावे.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल हे नाझींच्या छळछावण्यांतून वाचले आणि १९४६ साली त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. दुःखातही अर्थ सापडू शकतो, हे त्यांचे म्हणणे सर्वत्र सांगितले जाते. त्याच्या जोडीने त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे, ती मात्र सोयीस्करपणे विसरली जाते: जे दुःख दूर करता येते, ते दूर करणे हेच पहिले काम. टाळता येण्याजोगे दुःख सोसत बसण्यात पराक्रम नाही. शाळेबाहेर उन्हात बसलेल्या मुलाला ‘संकट तुला घडवील’ असे सांगायचे नसते, त्याला आत घ्यायचे असते. सावरकरांनी तेच केले. आपल्या दुःखाचा अर्थ त्यांना दुसऱ्याचे दुःख निवारताना मिळाला.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्याचा परीघ आज आक्रसला आहे. मुले पुण्याला किंवा अमेरिकेत, घरात दोघेच. कोणाकडे अंथरुणाला खिळलेली आई आहे, आणि तिच्यामागे शाखा, बैठक, प्रवास सगळे सुटले आहे. अशा कार्यकर्त्याला आपण नकळत ‘आता तो दिसत नाही’ म्हणून सोडून देतो. ही आपली चूक आहे, आणि व्यासपीठावरून सांगण्याइतकी गंभीर आहे. त्याला विचारावे, की तुझ्या अंगणातून काय करता येईल? कदाचित आईच्या खोलीच्या पडवीत चार मुलांची शिकवणी होऊ शकेल. कदाचित सध्या काहीच होणार नाही, आईचेच करणे हे पुरेसे असेल. तेही मान्य करावे.

आणि आणखी एक. पतितपावन मंदिरापुढे आपण छायाचित्रे काढतो. आपल्या गावातील पलीकडच्या वाडीत आपण किती घरांची नावे जाणतो? तिळगूळ घेऊन शेवटचे कधी गेलो होतो? हे प्रश्न मी कोणाला लाजवण्यासाठी विचारत नाही. संक्रांत दरवर्षी येते.

कोकणाने अलीकडे दोन आघात लागोपाठ सोसले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागातील नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्नासाठी किती वर्षे थांबावे लागते, हे येथील बागायतदारांना ठाऊक आहे. तरी साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांनी पुन्हा रोपे लावली. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ च्या पुराने त्याचे मोठे नुकसान केले होते, तेव्हा ग्रंथसंग्रह पुन्हा उभा केला गेला. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आत आले आणि हजारो पुस्तके भिजली. चिखल काढणे, वाचवता येतील ती पुस्तके वेगळी करणे, कपाटे धुणे हे काम पुन्हा हाती घेतले गेले आणि वाचनालय पुन्हा सुरू झाले. येथून चिपळूण फार दूर नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा सभासद वर्गणीचे पैसे खिशात ठेवा आणि आपल्याकडची दोन चांगली पुस्तके बरोबर घ्या.