बंदुकीच्या प्रश्नावर डॉक्टरांनी बोलावे काय?

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय अमेरिकेतला आहे. तेथला वाद तेथल्यांनी मिटवावा, आपण वर्षावासात त्याचा खल का करावा, असे कोणी विचारील. पण हा वाद मुळात सम्यक वाचेचा आहे. सत्य ज्याच्या हाताशी आहे त्याने ते केव्हा आणि किती बोलावे, हा त्यातला प्रश्न आहे. आपल्यापैकी काही मुलेमुली उद्या डॉक्टर होणार आहेत. त्यांना तो चुकणार नाही.

२०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंविषयी आपली भूमिका प्रसिद्ध केली. त्यावर ७ नोव्हेंबरला नॅशनल रायफल असोसिएशनने ट्विटरवर टोला हाणला. बंदुकीविरुद्ध बोलणाऱ्या या शहाण्या डॉक्टरांना आपल्या लेनमध्ये राहायला कोणीतरी सांगावे, असा त्याचा आशय होता. लेन म्हणजे रस्त्यावर आखलेली ज्याची त्याची पट्टी. आपल्या भाषेत सांगायचे तर, पायरीने राहा! हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. अर्थात अमेरिकेतला डॉक्टर हा मानाचा, पैशाचा माणूस. त्याची आणि आपली तुलना फार ताणू नये. पण बोलणाऱ्याचे म्हणणे खोडता येत नसले की त्याची जागा काढायची, ही रीत मात्र दोन्हीकडे एकच.

डॉक्टरांनी उत्तर दिले ते असे, की हीच आमची लेन आहे. रक्ताने माखलेल्या शस्त्रक्रियागृहांची छायाचित्रे त्यांनी जगापुढे ठेवली. त्यांत डॉ. जोसेफ सॅक्रन हे बाल्टिमोरचे शल्यविशारद पुढे होते. १९९४ साली, सतरा वर्षांचे असताना, कोठूनतरी सुटलेली गोळी त्यांच्याच घशात घुसली होती. त्याच महिन्याच्या १९ तारखेला शिकागोच्या मर्सी रुग्णालयात डॉ. तमारा ओनील या तातडीच्या विभागातील डॉक्टर, औषधशास्त्राची एक तरुण उमेदवार आणि एक पोलीस अधिकारी गोळीबारात मारले गेले. डॉक्टरचा या विषयाशी संबंध काय, हे विचारायला त्यानंतर फारशी जागा राहिली नव्हती.

तोंड बंद करण्याचे प्रयत्न त्याआधीपासूनचे आहेत. १९९३ साली डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक संशोधन छापले. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका अधिक दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले. शास्त्रात तसे व्हायलाच हवे. पण १९९६ साली संसदेने वेगळाच मार्ग धरला. रोगनियंत्रण केंद्राचा पैसा बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही, असे कलम अंदाजपत्रकाच्या कायद्यात घातले आणि २६ लाख डॉलर कापले. आदल्या वर्षी या संशोधनावर खर्च झाला होता नेमका तेवढाच आकडा! संशोधन करू नका असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते, पण अधिकारी जे समजायचे ते समजले. ज्या जे डिकी यांच्या नावाने ते कलम ओळखले जाते, त्यांनीच पुढे २०१२ साली संशोधन व्हायला हवे, असे जाहीरपणे लिहिले. पैसा मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

फ्लोरिडा राज्याने तर २०११ साली कायदाच केला, की घरात बंदूक आहे काय हे डॉक्टरने विनाकारण रुग्णाला विचारू नये. २०१७ साली संघीय अपील न्यायालयाने त्यातली मुख्य कलमे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली.

आता डॉक्टरने हे विचारायचे तरी कशाला? येथे आकडे पाहावे लागतात. २०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. वर्तमानपत्रांत येतात त्या शाळांतल्या, बाजारांतल्या हत्या. पण या मृतांत २६,३२८ जणांनी आत्महत्या केल्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. विषारी गोळ्या घेतलेला माणूस बहुधा वाचवता येतो. बंदूक वापरलेला दहातून एखादाच वाचतो. म्हणून खचलेल्या माणसाला, त्याच्या बायकोला, मुलाला डॉक्टर विचारतो की घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का, काही दिवस दुसऱ्या कोणाकडे ठेवता येईल का. घरात कीटकनाशक कोठे ठेवता, हे विचारण्याइतकाच हा साधा प्रश्न आहे. त्याला राजकारण म्हणणे मला तरी पटत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. बंदूक बाळगण्याचा हक्क तेथे १७९१ पासून संविधानात आहे. बंदूक बाळगणारे डॉक्टरही आहेत. जखम शिवणाऱ्याला कायदा कळतोच असे नाही, हा आक्षेप खोटा नाही. जखम, धोका, कुलूप यांविषयी डॉक्टर बोलतो तेव्हा त्याच्या शब्दाला विद्येचे वजन असते. कोणता कायदा करावा हे तो सांगतो तेव्हा तो एक नागरिक असतो. त्याने जरूर सांगावे, पण गळ्यातला स्टेथोस्कोप काढून सांगावे. आणि रुग्णाला तोडून बोलू नये. ज्याला आपला अपमान झाला असे वाटले, तो पुढच्या वेळी खरे सांगणार नाही, आणि तोच नेमका मरायचा.

मज्झिम निकायात अभयराजकुमाराचे सूत्र आहे. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, हा पेचाचा प्रश्न घेऊन तो येतो. त्याच्या मांडीवर तान्हे मूल असते. भगवान त्यालाच विचारतात की या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? तो म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. मग भगवान सांगतात की खरे आणि हिताचे असेल ते अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. विनयपिटकात असे आहे की उकिरड्यावर टाकलेल्या जीवकाला वाढवले ते याच अभयाने. बुद्धाचा वैद्य ज्या घरात वाढला, त्याच घरच्या माणसाला हे उत्तर मिळाले, याचे मला नेहमी नवल वाटते.

योग्य वेळ पाहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधील युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. गावातले बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉय गेरेरो पंधरा दिवसांत संसदेच्या समितीपुढे गेले. त्या कोवळ्या देहांची काय दशा झाली होती, हे त्यांनी पाहिले तसे सांगितले. ऐकणाऱ्यांना ते अप्रिय होते, आणि ते सांगायला त्यांच्याहून अधिक अधिकारी कोण होते?

बोलण्याची किंमतही पडते. कर्नाटकातून गेलेल्या कुटुंबातले डॉ. विवेक मूर्ती यांनी २०१२ साली बंदूक हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे लिहिले. पुढे सर्जन जनरलच्या पदासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा ते एक वाक्य आडवे आले. वर्षाहून अधिक काळ नेमणूक अडली, ती डिसेंबर २०१४ मध्ये झाली. त्याच पदावर दुसऱ्यांदा असताना, जून २०२४ मध्ये, त्यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचे संकट आहे, असे अधिकृत निवेदन काढले. सरकार बदलल्यावर २०२५ च्या मार्चमध्ये ते निवेदन सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवावा, अशी अध्यक्षांची सूचना आहे. म्हणून येथे थांबतो. नमो बुद्धाय, जयभीम.