वजन, सायकल आणि घरातलं ताट

(माकणी येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, नुकतीच झाली. तुम्ही सगळे शेतात जाऊन आलात. भज्जी, आंबील, उंडे, खीर सगळं पोटभर झालं. आता वजनावर बोलायला डॉक्टरबाई आल्या म्हटल्यावर काहींना वाटलं असेल की आता त्या जेवणाचा हिशेब मागतील. मी मागणार नाही. हिरव्या तुरीचे नि हरभऱ्याचे दाणे, पालेभाज्या, ताकातली ज्वारीची आंबील आणि शेतापर्यंतची पायपीट, हे सगळं ज्या दिवशी एकत्र येतं त्या दिवसाला मी कशाला नावं ठेवू? चिंता आहे ती उरलेल्या वर्षाची.

माझ्या दवाखान्यात एक वाक्य सारखं कानावर येतं. "बाई, पंधरा दिवस नेटानं सायकल चालवली, पुढं उमेदच राहिली नाही." बोलणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो. आपलं मनच कमकुवत, असं त्यानं धरून ठेवलेलं असतं. मला आज या समजुतीविरुद्ध बोलायचं आहे. उमेद आधी यावी आणि मग सायकल बाहेर काढावी, हा क्रमच उलटा आहे. रोजचं काम आणि सोबत यांची नीट मांडामांड केली की उमेद मागून येते. एखाद्या दिवशी ती आली नाही तरी सायकल चालू राहते.

आधी आपल्या शरीराबद्दल बोलू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली ते हेच वर्ष. त्या बाळांचं वजन इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ कमी होतं, मात्र चरबी त्या मानानं कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी टिकवून ठेवलेली, अशी ती मुलं होती. याच डॉक्टरांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन उभे आहेत. उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा जो आकडा असतो, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचाही 22.3. पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के निघाली. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पुढे जन्मभर शरीराला चरबी साठवायला लावते, असं त्यांचं म्हणणं आहे. मराठवाड्याला हे निराळं समजावून सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. अन्न दडवून ठेवायला शिकलेलं शरीर आपल्याकडे वारशानं आलेलं असू शकतं. म्हणून कुणाची ढेरी पाहून त्याला आळशी म्हणू नका, स्वतःला तर मुळीच म्हणू नका.

म्हणूनच मी रुग्णांना आधी शिंप्याची टेप घ्यायला सांगते. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईचा 80 च्या आत असावा, ही आपल्या लोकांसाठी ठरलेली मर्यादा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत, आणि पोटावर चरबी असलेली प्रौढ माणसं शंभरात सुमारे 39 आहेत. हा शहरातल्या खुर्चीवरच्या माणसांचाच आजार आहे, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

आता सायकलीचा हिशेब करू. तो कोरडा आहे, पण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. सत्तर किलोचा माणूस बेताच्या वेगानं अर्धा तास सायकल चालवतो तेव्हा साधारण 200 कॅलरी खर्च होतात. दिवसाला पाच कप चहा आणि कपात दोन चमचे साखर धरली, तर नुसती साखरच 50 ग्रॅम होते. तिच्याही 200 कॅलरी. म्हणजे सकाळची सगळी सायकल चहाच्या साखरेत फिटली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवली आहे. चहा सोडा असं मी कधीच म्हणत नाही. आपल्याकडे पाहुण्याला चहा नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण घरातल्या चहात एक चमचा कमी केला तर महिन्याभरात जिभेला त्याची सवय होते.

तेलाचं तसंच. एक किलो तेलात 9,000 कॅलरी असतात. रोजच्या भाजीत किती पडलं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून महिन्याचे पुडे मोजा. चार माणसांच्या घरात तीन किलोच्या वर तेल जात असेल तर वाढत्या वजनाचं कारण तिथं शोधायला हवं. पूर्वी करडईचं तेल घाण्यावरून बेतानं आणलं जाई आणि पुरवून वापरलं जाई. आता पुडा फोडला की हात सैल सुटतो.

भाकरीबद्दल मात्र मला एक गैरसमज दूर करायचा आहे. गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की वजन उतरतं, असं आजकाल छातीठोक सांगितलं जातं. शंभर ग्रॅम पिठामागे दोन्हींच्या कॅलरींत फारसा फरक नाही. ज्वारी आपल्या मातीतली आहे, मला ती फार प्रिय आहे, आणि बार्शी-परंड्यापासून इकडे मालदांडीची भाकरी ज्यानं खाल्ली त्याला तिची चव सांगायला नको. पण चार भाकरी त्या चारच. भाकरीचा फायदा शेजारच्या कालवणात असतो. हुलग्याचं माडगं, अंबाडी, पाथर, मेथीची पातळ भाजी, मटकीची उसळ, वाटीभर वरण, कच्चा कांदा, काकडी यांनी ताट भरलं की तिसऱ्या भाकरीसाठी हात पुढे जात नाही. शेंगदाण्याची चटणी चमच्यानं घ्या, वाटीनं नको. घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भाताबरोबर उरलेलं कालवण संपवते, ही रीत मात्र बंद व्हायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांचं वजन 'टाकवत नाही' या दोन शब्दांनी वाढलेलं आहे. त्यांनी सगळ्यांबरोबर बसावं आणि आपलं ताट आधी वाढून घ्यावं.

आता उमेद कोण चोरतं ते सांगते. वजनकाटा चोरतो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. अर्धा तास सायकलीच्या हिशेबानं तो एक किलो जायला कागदावर सव्वा महिना लागतो, आणि माणूस आठव्या दिवशी काट्यावर उभा राहतो. त्यात अंगातलं पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांनी किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. त्याहून पुढची गोष्ट अशी की वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च आवरतं. अमेरिकेत दूरदर्शनवर वजन घटवण्याची एक मोठी स्पर्धा चाले. तिच्यातल्या 14 जणांना शास्त्रज्ञ केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. ते निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत आलं होतं, आणि स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. झटपट उतरवण्याची ही किंमत. एका महिन्यात दहा किलोची जाहिरात पाहिली की मला म्हणून राग येतो.

आणि काटा हलला नाही तरी सायकल वाया जात नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांवर अभ्यास केला, तो 2006 मध्ये छापून आला. ज्यांना चालणं-फिरणं आणि आहार नीट करायला लावलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन मात्र जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. हा निष्कर्ष मी रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण 'काही फरक नाही' म्हणून ज्या दिवशी माणूस सायकल भिंतीला टेकवतो, त्या दिवशीही त्याच्या रक्तात फरक पडलेला असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काट्यावर उभं राहा. महिन्यातून एकदा टेप लावा. दम किती लागतो आणि जिना चढताना गुडघा काय म्हणतो, तेही लिहून ठेवा.

सवय लागायला 21 दिवस पुरतात, हे तुम्ही ऐकलं असेल. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर हे पाहिलं तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18 लागले, तर कुणाला आणखी कितीतरी, 254 पर्यंत. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीचं फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे एक दिवस चुकला की व्रत मोडलं असं धरतात आणि दुसऱ्या दिवशीही उठत नाहीत. लग्न असेल, मयत असेल, तुरीची रास असेल, तो दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा.

सोबतीचं म्हणाल तर उदाहरण शेजारच्या लातूरचंच आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दोन वेळा जेवण्याचा विचार गावोगाव नेला. 55 मिनिटांच्या आत दोनदा जेवायचं, मध्ये काही नाही, आणि 45 मिनिटं चालायचं. त्यावर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मलाही तो सरसकट सगळ्यांना द्यावासा वाटत नाही. पण तो एवढा का पसरला हे पाहण्यासारखं आहे. नियम लहान होता, खर्च नव्हता, आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत हजारो माणसं एकमेकांना विचारत होती, सांगत होती. माझ्या मते उमेद टिकवली ती त्या गटांनी. पंढरीची वाट एकट्यानं चालणारे थोडे आणि दिंडीतून चालणारे लाखो असतात, त्याचं कारणही तेच आहे. नाशिकचे सायकलस्वार तर पंढरपूरला सायकलवारीच काढतात. माकणीत दिंडी आहे, हरिपाठ आहे, ठरल्या वेळी ठरल्या जागी जमण्याचं वळण आहे. त्याच वळणावर चार-सहा जणांनी सकाळी सायकली घेऊन जमावं. दार वाजवणारा कुणी असला की अंथरुणाशी वाद घालावा लागत नाही.

सायकलीला काम द्या, हे माझं दुसरं सांगणं आहे. नुसतं फिरायला म्हणून निघालेली सायकल पंधरा दिवसांत थकते. दूध घालायला, किराण्याला, शेतावर मोटर चालू करायला, सास्तूरला कागदपत्रांच्या कामाला निघालेली सायकल वर्षभर चालते, कारण तिच्यावाचून काम अडतं. पाव किलोमीटरवरच्या दुकानाला मोटारसायकल काढणं तेवढं थांबवा. माकणीच्या धरणाकडचा, तेरणेच्या काठचा मोकळा रस्ता सकाळी फार चांगला आहे. पण हे दिवस उसाचे आहेत. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या मागून येतात, म्हणून उजाडल्यावरच निघा आणि मागच्या मडगार्डला चमकती पट्टी लावा. गिअरची महाग सायकल नको. बसल्यावर पाय खाली जाताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा एवढी सीट उंच करा, गुडघेदुखी निम्मी तिथंच थांबते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. छातीत दडपण येत असेल त्यांनी आधी तपासून घ्यावं.

शेवटी बायांसाठी. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. ती मुलगी पाच-पाच किलोमीटर सायकल मारते. लग्न झालं की तीच मुलगी पुन्हा सायकलला हात लावत नाही, आणि तिशीत माझ्याकडे गुडघे, साखर, थायरॉईड घेऊन येते. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं. लाखावर बाया शिकल्या. शेतमजूर, खाणीतल्या कामकरणी, परिचारिका शिकल्या. आधी टवाळी झाली, पण एवढ्या बाया एकदम रस्त्यावर आल्यावर टवाळांचा आवाज बसला. एकटीनं निघालात तर गाव बोलेल. दहा जणी निघालात तर गाव वाट देईल.

बचत गटाची बैठक महिन्याला होतेच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्यांच्या घरी मुलीची जुनी सायकल पडून आहे त्यांनी ट्यूब बदलून घ्यावी, आणि शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापकांना रविवारची सकाळ मागावी. नऊवारीवाल्यांना आणि साडीवाल्यांना मधली दांडी नसलेली सायकल लागते, ती घरोघर आहे. शिकवायला तुमच्याच आठवी-नववीतल्या मुली येतील. साखर आणि बीपी तपासायचं यंत्र घेऊन पहिल्या रविवारी मी मैदानावर हजर असेन.

आता तुमचे प्रश्न विचारा.