कान तपासायला जाताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय मी स्वतःहून मागून घेतला. कारण या विषयात मी एकदा सपशेल नापास झालो आहे आणि दुसऱ्या खेपेला बऱ्यापैकी पास.

तीन वर्षांपूर्वीची वार्षिक सभा काहींना आठवत असेल. पाण्याच्या टाकीच्या गळतीचा ठराव होता. खजिनदारांनी रक्कम सांगितली, मला ऐकू आलं 'आठ हजार'. मी उत्साहाने अनुमोदन दिलं. पुढे इतिवृत्त हातात आलं, तर साठ हजार! छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. इतिवृत्तच चुकलंय म्हणून सेक्रेटरींशी भांडायला गेलो. त्यांनी शांतपणे चहा पाजला.

आता कारण समजलं आहे. वयाबरोबर कान कमी होतो तो बहुधा आधी बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांना. 'स', 'श' त्यातलेच. 'साठ'मधला 'स' गळाला की 'आठ' उरतो. आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून आपण छातीठोकपणे सांगतो, "मला नीट ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात."

पहिल्यांदा मी एकटाच गेलो, तेही एका दुकानात. "तसं बरं आहे, घरच्यांचा आग्रह," असं सांगून बसलो. कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं. मी काय केलं, ठेका ओळखून अंदाजाने दाबत राहिलो! परीक्षेत कॉपी करावी तसं. वीस मिनिटांत एक मशीन घेऊन बाहेर पडलो. ते जुन्या पासबुकांशेजारी ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. दोष दुकानदाराचा थोडा, माझा जास्त.

दुसऱ्या वेळी सौ. बरोबर आली. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान पाहिला, मळ काढला. (मळ साचूनही ऐकू कमी येतं, त्यामुळे हे आधी.) मग ऑडिओलॉजिस्टकडे. या बाई पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या, हे मी विचारून घेतलं होतं. आपण चेकवरची सही पाहतो, तसंच हे.

बाईंनी विचारलं, त्रास कुठे होतो? मी म्हणालो, "विशेष नाही." तेव्हा सौ. बोलली. माझी थोरली बहीण कऱ्हाडला असते. तिने फोनवर सांगितलं होतं, की भावोजींना दवाखान्यात ठेवलंय. मी म्हणालो होतो, "वा, छान!" ती त्यानंतर दोन महिने मला फोन करत नव्हती, सौ.च्या फोनवर करायची. मला वाटत होतं, ताई कामात असेल. हे सगळं मला त्या खोलीत, परक्या बाईंसमोर कळलं. सौ. पुढे म्हणाली, "छोट्या छोट्या गोष्टी मी ह्यांना सांगणंच सोडून दिलंय. तीनदा सांगायचा कंटाळा येतो."

त्यानंतर मी खरं बोललो.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे, की बरोबर घरचं माणूस न्या, आणि त्याला बोलू द्या. आपल्याला काय ऐकू येत नाही, हे आपल्याला कसं ठाऊक असणार?

दुसरं, आठ दिवस आधीपासून वहीत लिहा. कुठे अडतं: फोनवर, टीव्हीला, लग्नाच्या हॉलमध्ये, रिक्षात, का नातवंडांशी बोलताना? कानात शिटी वाजते का, चक्कर येते का, कोणता कान जास्त? चालू गोळ्यांची यादी न्या, कारण काही औषधांचा कानावर परिणाम होतो. मात्र एखाद्या दिवशी एक कान एकाएकी बंद पडला, तर वही वगैरे काही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे उशीर महाग पडतो.

तपासणीत अंदाज नको. अगदी पुसट आवाज आला तरी बटण दाबा, नाही आला तर दाबू नका. कानामागे हाडावर एक छोटी वस्तू लावून पुन्हा तपासतात. दोष बाहेरच्या-मधल्या भागात आहे की आतल्या नसेकडे, हे त्यातून कळतं. मग शब्द म्हणायला लावतात. शेवटी आलेख मिळतो: उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. खातेउतारा मागून घेतो तशी त्याची प्रत मागा, आणि "मला समजावून सांगा" म्हणा. मी तीनदा विचारलं, बाई रागावल्या नाहीत.

यंत्र सुचवलं तर पैशाआधी हे विचारा: दोन्ही कानांना का एकाला? काही दिवस वापरून बघायला मिळेल का? नाही जमलं तर परत घेणार का? पुढची जुळवणी, दुरुस्ती किमतीत धरली आहे का? किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत; महाग ते आपल्याला सोयीचं असेलच असं नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथेही तपासणी होते. यंत्र घालणं-काढणं, पुसणं तिथेच स्वतःच्या हाताने करून पाहा. माझी थरथरणारी बोटं बघून बाईंनी मोठ्या सेलचं यंत्र दिलं.

आणि चष्म्यासारखं लगेच जमत नाही हे. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज अंगावर आला, स्वतःचा आवाज डब्यातून यावा तसा. रोज थोडे तास वाढवत गेलो, काय खटकतं ते वहीत लिहून दोनदा जुळवणी करून आणली. अजूनही हॉलमध्ये गलका असला की निम्मं सुटतं.

ताईला मी स्वतः फोन केला. पहिल्यांदा तिने सवयीने ओरडूनच बोलायला सुरुवात केली.

प्रश्नांची यादी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे, झेरॉक्स काढून घ्या. आणि आता काही विचारायचं असेल, तर कृपया माझ्या उजव्या बाजूने या.